खांदेरीचं दीपगृह शिवकालीन आहे का?

रानवारा: अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी हे बेटांवरचे किल्ले पाहिले. खांदेरीवरच्या दीपगृहाबद्दल होडीवाले काका म्हणाले, "महाराजांच्या वेळचा दिवा आहे." खरं का?

जुना_खलाशी: किल्ला महाराजांचा, दीपगृह इंग्रजांचं. ते १८६७ सालचं.

१६७९ मध्ये महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचं ठाणं म्हटल्यावर इंग्रजांची झोपच उडाली. गलबतं आणून त्यांनी बेटाची नाकेबंदी केली, पण वारा पडला की ती जड धुडं जागची हलेनात. आपल्या चिंचोळ्या होड्या मात्र रात्री वल्ही मारत त्यांच्या नाकाखालून सटकायच्या. रसद अशीच पोचत राहिली. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. तेवढ्यात जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि मग दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा धडाडू लागल्या.

१८१८ मध्ये मराठेशाही संपली, बेट इंग्रजांकडे गेलं. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच हे खडक. म्हणजे जिथून महाराजांना इंग्रजांवर डोळा ठेवायचा होता, तिथेच इंग्रजांनी स्वतःच्या जहाजांसाठी दिवा लावला! कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्ज दीपगृहसुद्धा यानंतरचं, १८७५ चं.

थळची_पोर: दीपगृह बघून लगेच परत फिरू नका हां. गाड्यावरच्या तोफा बघा, लोखंडी चाकं अजून आहेत. आणि तो वाजणारा दगड! दुसरा दगड घेऊन ठोका, पितळी भांड्यासारखा टणटणतो. वेताळदेवाला नमस्कार करायला विसरू नका, आम्हा कोळ्यांचं मोठं श्रद्धास्थान आहे ते. उंदेरीवर उतरायचा हट्ट नको. तिथे धक्का नाही, सगळे खडक, आणि लाट असली तर नाखवा होडी लावायलाच तयार होत नाही.

रानवारा: काय सुंदर माहिती! नकाशात 'कान्होजी आंग्रे बेट' दिसतं, ते हेच ना?

जुना_खलाशी: हेच. १९९८ मध्ये नाव बदललं. पण थळला जाऊन ते नाव सांगाल तर लोक तोंडाकडे बघतील. तिथे खांदेरीच म्हणा.