एक बी-टाइप सिलिंडर किती वेळ पुरेल?
मंडळाच्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा एकच बी-टाइप सिलिंडर पुरेल का, असा प्रश्न आहे. हिशोब करा: आत 10 लिटर पाणी मावेल एवढा सिलिंडर, गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) 150 बार, म्हणजे साधारण 1500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटर सोडला तर अडीच तास. काटा 50 वर असेल तर जेमतेम पन्नास मिनिटं, आणि घाटात ट्रॅफिक लागलं की संपलंच. दोन ठेवा. काटा व्हॉल्व्ह उघडूनच वाचा. बंद असताना रेग्युलेटरमध्ये (दाब कमी करणाऱ्या जोडणीत) अडकलेला जुना दाब दिसू शकतो. फ्लोमीटरची (मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवणाऱ्या नळीची) गोळी वर, पण मास्कमध्ये काहीच येत नाही? आधी ह्युमिडिफायरचं (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं) झाकण बघा, बहुतेकदा तिरकं बसलेलं असतं आणि ऑक्सिजन तिथूनच निसटतो. आटे जाम झाले तरी तेल-ग्रीस अजिबात नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.