मदत हवी आहे : सडबरी किंवा टिमिन्स येथे फ्रेंचच्या आधारे स्थायिक होण्याबाबत

नमस्कार. माझी धाकटी बहीण पुण्यात बालवाडी शिक्षिका असून तिने फ्रेंचची डेल्फ बी-२ परीक्षा उत्तीर्ण केली आहे. कॅनडाने क्वेबेकबाहेरील लहान फ्रेंचभाषक समुदायांसाठी जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलेल्या प्रायोगिक योजनेतून ऑन्टारिओतील सडबरी किंवा टिमिन्स येथे स्थायिक व्हावे, अशी तिची मनापासून इच्छा आहे.

डेल्फ तेथे ग्राह्य नसल्याने टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा देऊन चारही भाषिक कौशल्यांत कॅनडाच्या फ्रेंच मापनश्रेणीची (एनसीएलसी) किमान पाचवी पातळी गाठावी लागेल. त्याची तयारी चालू आहे. खरी अडचण नोकरीची आहे, कारण त्या समुदायाने मान्यता दिलेल्या मालकाकडूनच नोकरीचे पत्र मिळावे लागते आणि भारतातून पाठवलेल्या अर्जांना साधी पोचही येत नाही. एका सल्लागाराने असे पत्र मिळवून देण्यासाठी मोठी रक्कम मागितली. तो मार्ग आम्हाला मुळीच नको आहे.

तेथील फ्रेंच पाळणाघरांत कोणाला नोकरी मिळाली असल्यास पहिला संपर्क कसा साधला? बालशिक्षिकेच्या पदासाठी ऑन्टारिओत नोंदणी लागते, म्हणून आधी सहायक पदासाठी प्रयत्न करावा का? की फ्रँकोफोन मोबिलिटीच्या (क्वेबेकबाहेर काम करणाऱ्या फ्रेंचभाषकांसाठीच्या) तात्पुरत्या वर्क परमिटवर जाऊन, तेथे काम करत असताना कायम वास्तव्याचा अर्ज करणे अधिक सोयीचे ठरेल? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.