जुन्या वहीतल्या नाट्यकल्पना

जत्रेच्या नाटकासाठी जुन्या वहीतलं काय ठेवायचं, हे वही उघडून ठरत नाही. उघडली की सगळंच लाडकं वाटतं. आधी आठवतील त्या कल्पना कोऱ्या कागदावर उतरवा. न आठवलेल्या गेल्या. उरलेल्यांपुढे एकच ओळ लिहा: कोणाला काय हवंय, आड कोण येतंय? बऱ्याच इथेच गळतात. ‘खाणीवरचे ट्रक’ हे नुसतं वातावरण, कथानक नव्हे. पण त्यात ट्रकमालक धरला, तर गोव्यातल्या २०१२ च्या खाणबंदीनंतर त्याचं दुखणंच बदललं. आधी खेपांची घाई, मग उभ्या ट्रकाचे हप्ते. अशी कल्पना टाकू नका, संघर्ष बदला. मग दोन पात्रांचा पाच मिनिटांचा प्रवेश लिहून मंडळींकडून मोठ्याने वाचून घ्या. पात्रं एकमेकांना ठाऊक असलेलीच माहिती सांगत बसली, तर खुशाल सोडा. बारा पात्रांचं तूर्त नकोच, तालमीला तेवढी माणसं जमणार कुठून?