नाल्याकाठच्या कचरा केंद्राचा निर्णय गावाने कसा घ्यावा?

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)
आमच्या ग्राम पंचायतीने कचरा केंद्रासाठी गायरानातला नाल्याकाठचा तुकडा निवडला आहे. पावसाळ्यात त्या नाल्याचे पाणी बांध ओलांडून भाताच्या शिवारात शिरते आणि तिथून शंभर पावलांवर आमच्या गल्लीची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. ग्रामसभेत हा विषय शेवटी आला. ठराव कन्नडमध्ये वाचला गेला, "कुणाची हरकत?" असे विचारले गेले आणि मागे बसलेल्या बायकांना विषय कळण्याआधीच सह्यांची वही त्यांच्यापुढे आली. माझ्या आईनेही सही केली. घरी आल्यावर तिने मलाच विचारले, "कशावर केली रे मी सही?" केंद्र नको असे माझे म्हणणे नाही, कारण आज गावाचा कचरा ओढ्यातच जातो, पण जागा कुठली, हे सर्वांनी समजून-उमजून ठरवावे. कायद्यात त्यासाठी वाट आहे का?

उत्तर १ (निवृत्त पंचायत कर्मचारी)
आहे. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात ग्रामसभेच्या खाली वॉर्ड सभा आहे आणि ती किमान सहा महिन्यांतून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा कागदावरच होते. नाल्यालगतच्या वॉर्डाची सभा बोलवावी, असा लेखी अर्ज पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्या आणि त्याची पोच घ्या. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. नाल्यातले मासे, काठावरच्या वनस्पती, पाणी कुठवर चढते याची माहिती वयस्कर शेतकऱ्यांकडे असते; ती समितीच्या नोंदवहीत उतरवून सभेपुढे ठेवा. भाषेचा मुद्दा भांडणाचा करू नका. ठराव कन्नडमध्ये राहू द्या, पण तो सभेआधी मराठीत समजावून सांगावा, ही मागणी रास्त आहे. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण सुनावणीसाठी २००६ च्या अधिसूचनेने तीस दिवसांची पूर्वसूचना आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचणे आवश्यक केले आहे. गावातल्या केंद्रासाठी अशी सुनावणी होत नाही. तरी माणसांना विचारायचे कसे, याचा नमुना तिथे मिळतो.

उत्तर २ (बेळगाव तालुका)
काकांनी सांगितलेला अर्ज द्याच. पण सभेची वेळही बघा. लावणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा म्हणजे बायकांना न बोलावल्यासारखेच आहे. आमच्या गल्लीत सभा संध्याकाळी देवळापुढे घेतली आणि त्याआधी सर्वांनी ती जागा चालून पाहिली. एका आजींनी काठीने पुराची जुनी रेघ दाखवली. नकाशावर ती कुठेच नव्हती. बेळगावच्या बेल्लारी नाल्यातले सांडपाणी भातशेतीत शिरल्यावर काय होते, हे इकडच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. खालच्या अंगाला कन्नड भाषिकांची शेते असतील, तर त्यांनाही आवर्जून बोलवा, कारण पाणी त्यांच्याकडेच जाणार आहे.

उत्तर ३
गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट आधी विषय समजून घेतात आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे ही वर्षानुवर्षांची सवय आहे. तरीही मला एक भीती वाटते आणि ती इथे मांडणे मी आवश्यक समजतो. आपल्या गल्लीने हरकत घेतली की केंद्र बहुतेक वेळा त्या वस्तीशेजारी जाते, जिथली माणसे सभेत बोलायला धजत नाहीत. आणि त्यांच्या गप्प बसण्यालाच मग सहमती म्हटले जाते. म्हणून पर्यायी जागा सुचवण्याआधी तिथल्या लोकांसोबत बसा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. खरे सांगायचे तर माझ्या मनातली दुसरी जागा वरच्या वस्तीजवळचीच होती आणि तिथे कुणालाही मी विचारले नव्हते. अर्ज लिहून तयार आहे. रविवारी वस्तीतल्या लोकांसोबत दोन्ही जागा पाहून येतो आणि मगच त्यावर सह्या घेतो.