मदत हवी आहे : पक्षाघातानंतर मेंदूच्या लहरींवर चालणाऱ्या यंत्राने हाताचे प्रशिक्षण घ्यावे का?

गोदाकाठ
माझ्या वडिलांचा उजवा हात पक्षाघातामुळे कामातून गेला आहे. पुण्यातील एका खाजगी केंद्राने डोक्यावर ईईजीची (मेंदूच्या लहरी नोंदवणारी) टोपी घालून, मेंदूच्या लहरींवर उघडझाप करणाऱ्या यांत्रिक पंजाच्या साहाय्याने प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली असून त्यासाठी दीड लाख रुपये आगाऊ मागितले आहेत. निर्णय शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. फिजिओथेरपी चालूच आहे, त्यामुळे ती करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. हे तंत्र खरे आहे का आणि हात उघडेल का, एवढेच मला हवे आहे.

नीरक्षीर
झटका येऊन किती काळ लोटला, बोटे थोडी तरी हलतात की मुळीच नाही, हात लुळा आहे की ताठ, आणि सांगितलेले त्यांना नीट समजते का, हे कळल्याशिवाय ‘हात उघडेल का’ या प्रश्नाला कोणताही प्रामाणिक माणूस होय किंवा नाही असे उत्तर देणार नाही. केंद्राने तरी हे विचारले होते का?

उत्तरायण
एवढा विचार कशाला करायचा? स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रेगॉर कुर्तीन आणि शल्यविशारद जोसलिन ब्लॉक यांच्या चमूने गर्ट-यान ओस्कम या डच गृहस्थाला मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या मदतीने चालवून दाखवले आणि २०२३ मध्ये त्याचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. टोपीबिपीच्या मागे न लागता आपण थेट त्यांनाच पत्र लिहावे, असे मला वाटते.

टोपीवाला
उत्तरायण, ते उदाहरण येथे लागू पडत नाही. ओस्कम यांना २०११ मध्ये सायकलचा अपघात होऊन मानेतील मज्जारज्जूला इजा झाली होती. त्यांचा मेंदू शाबूत होता आणि त्याचा निरोप तेवढा खाली पोहोचत नव्हता. पक्षाघातात दुखावतो तो मेंदूच. शिवाय त्यांच्यावर कवटीची शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवले आहेत, तर धागाकर्त्यांना सांगितलेली पद्धत बाहेरून करायची आहे.

मी एका प्रयोगशाळेत अशा टोप्या लावण्याचे काम केलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केसांचा भांग पाडून, बोथट सुईच्या सिरिंजने प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरावे लागते आणि रुग्णाने दात आवळले तरी पडद्यावरच्या रेषा थरथरतात, इतका हा संकेत नाजूक असतो. माणूस हात हलवण्याचा मनापासून प्रयत्न करतो तेव्हा हालचालीशी संबंधित भागावरील सुमारे ८ ते १३ हर्ट्झची लय दबते. उजव्या हातासाठी ही घट साधारणपणे टोपीवरील डाव्या बाजूच्या सी-३ या इलेक्ट्रोडच्या जागी दिसते. संगणकाने ती हेरून त्याच क्षणी पंजा उघडला, तर प्रयत्न आणि हात उघडल्याची संवेदना मेंदूत एकाच वेळी पोहोचतात, आणि उपचाराची सगळी भिस्त या जुळणीवर आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील २०१३ च्या अभ्यासात जुन्या पक्षाघाताचे ३२ रुग्ण होते. अर्ध्यांचा पंजा त्यांच्या प्रयत्नानुसार हलवला आणि अर्ध्यांचा प्रयत्नाशी संबंध न ठेवता. फिजिओथेरपी दोन्ही गटांना दिली गेली. सुधारणा मात्र पहिल्या गटात दिसली, आणि तीही हाताच्या फ्युगल-मेयर मोजणीत (पक्षाघातानंतरची हालचाल गुणांत मोजण्याची पद्धत) सरासरी साडेतीन गुणांच्या आसपास. लोझानच्याच दुसऱ्या एका चमूने २०१८ मध्ये यंत्राच्या पंजाऐवजी मनगट आणि बोटे उघडणाऱ्या स्नायूंना विद्युत् उत्तेजन दिले, तेव्हा ६६ पैकी सरासरी ६.६ गुणांची भर पडली. तुलनेच्या गटात ती २.१ होती.

म्हणजे तंत्र खरे आहे. पण सहा गुणांत हात पूर्ववत होत नाही, फार तर त्या हाताने पेला धरून ठेवता येऊ लागतो. केंद्राला एकच प्रश्न विचारावा : वडिलांचा प्रयत्न संगणकाला सापडला नाही, तर पंजा उघडतो की बंदच राहतो?

आरसेमहाल
दीड लाख रुपये वाया घालवण्यापूर्वी एक साधा आरसा विकत आणावा. चांगला हात आरशासमोर आणि दुखरा हात आरशामागे ठेवून व्यायाम केल्यास दुखरा हातच हलत असल्याचे डोळ्यांना दिसते. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही पक्षाघातानंतर या उपचाराने हालचालीत सुधारणा होते, असेच निघाले आहे. माझ्या सासूबाई आज त्याच हाताने भाजी निवडतात. टोपी हा निव्वळ भपका आहे.

टोपीवाला
आरसा उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्या सासूबाईंची बोटे सुरुवातीला थोडी तरी हलत होती का? ज्यांचे एकही बोट स्वतःहून उघडत नाही, त्यांच्याच करिता हे टोपीचे संशोधन प्रामुख्याने झाले, आणि सबळ हाताला बांधून ठेवून दुबळ्या हाताला राबवण्याचा उपचारही अशांना करता येत नाही.

आरसेमहाल
हलत होती. म्हणून काय झाले?

शंकासुर
एका मुद्द्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. वडिलांच्या मेंदूची ही माहिती कोणाच्या मालकीची राहणार? चिलीने २०२१ मध्ये मेंदूविषयक माहितीच्या संरक्षणासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आपण वकिलाचा सल्ला घ्यावा.

गोदाकाठ
शंकासुर, वडिलांच्या डोक्यात काय चालले आहे ते त्यांना बोलता येत नसल्यामुळे आम्हालाही कळत नाही. ते कोणी चोरून वाचलेच तर कृपया आम्हालाही कळवावे.

नीरक्षीर यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. झटका गेल्या वर्षी पावसाळ्यात आला. बोलणे जवळजवळ बंद असले तरी सांगितलेले समजते, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. बोटे मुठीत घट्ट आवळलेली असतात. नखे कापायची म्हणजे आईला आधी मनगट खाली वाकवून एकेक बोट सोडवावे लागते. मात्र जांभई देताना तोच हात आपोआप वर उचलला जातो. म्हणजे ताकद आहे ना? आणि हो, झटका आला तेव्हा मेंदूला सूज आल्यामुळे कवटीचे हाड काढले होते, ते नंतर बसवले. याचा येथे काही संबंध असेल असे वाटत नाही.

नीरक्षीर
सर्वांत जास्त संबंध त्याचाच आहे, आणि तेच आपण शेवटी सांगितले! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये ‘इप्सीहँड’ या अशाच यंत्राला परवानगी दिली. ते मेंदूच्या न दुखावलेल्या बाजूचे संकेत वापरते. मनगट किंवा बोटे फार ताठ झाल्यामुळे पंजा नीट बसत नसेल, तसेच शस्त्रक्रियेमुळे कवटीत दोष राहिला असेल, तर ते वापरू नये, असे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले होते. पुण्यातील यंत्र वेगळे असेल, पण हे दोन्ही मुद्दे वडिलांना लागू पडू शकतात. ताठरपणा आधी पुनर्वसन-वैद्यकाकडून तपासून घ्यावा. त्यासाठी बोटॉक्सची इंजेक्शने आणि स्प्लिंट यांचा विचार होतो.

टोपीवाला
मीही त्यास दुजोरा देतो. हाड काढलेल्या जागी लहरी मोठ्या दिसतात आणि हाड परत बसवल्यानंतरही तसा परिणाम राहू शकतो, त्यामुळे संगणकाची गफलत होण्याची शक्यता असते. जांभईच्या वेळी हात उचलला जाणे ही परिचित गोष्ट आहे; पण ती हालचाल इच्छेच्या मार्गाने येत नाही, म्हणून तिच्यावरून ‘आता हात उघडेल’ असा अंदाज बांधता येत नाही. आणि ‘समजते असे घरातल्यांचे मत आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘हात उघडताना पाहा’ असे नव्हे, तर ‘स्वतः उघडण्याचा प्रयत्न करा’, ही सूचना त्यांना नेमकी कळायला हवी, म्हणून वाचोपचारतज्ज्ञाकडून आकलनाची तपासणी करून घ्यावी.

गोदाकाठ
आज केंद्राला दूरध्वनी केला. कवटीविषयी त्यांनी यापूर्वी काहीच विचारले नव्हते, आणि आता त्याने काही बिघडत नाही असे म्हणतात. टोपीवाला यांचा प्रश्न विचारला असता तेथील व्यवस्थापकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, त्यांचा पंजा प्रत्येक वेळी उघडतोच आणि त्यामुळे रुग्णाचा हिरमोड होत नाही. हे चांगले की वाईट?

टोपीवाला
वाईट. पंजा प्रत्येक वेळी उघडत असेल, तर टोपी केवळ शोभेसाठी आहे. ट्युबिंगेनच्या ज्या गटाचा पंजा प्रयत्नाशी निगडित नव्हता आणि ज्यांच्यात सुधारणा दिसली नाही, जवळपास त्याच गटात वडिलांना बसवण्याचे हे दीड लाख रुपये आहेत.

नीरक्षीर
आपल्याकडेही हे संशोधन चालते. आयआयटी कानपूरचे आशिष दत्ता आणि अल्स्टर विद्यापीठाचे गिरिजेश प्रसाद यांनी असा यांत्रिक पंजा विकसित केला आहे. कोठे चाचणी सुरू आहे का, हे सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर ‘स्ट्रोक’ आणि ‘ब्रेन कॉम्प्युटर इंटरफेस’ असे शब्द देऊन शोधता येते. नोंदणीत कोणाला घेणार आणि कोणाला नाही, हे लिहिलेले असते. कवटीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख तेथे आधी पाहावा. चाचणीत सहभागी होणाऱ्याने संशोधनाचा खर्च देणे अपेक्षित नसते, त्यामुळे कोणी ‘चाचणी’ म्हणून पैसे मागितले तर तेथूनच परत फिरावे.

गोदाकाठ
केंद्राला नकार कळवला आहे. नाशिकमध्ये ताठरपणासाठी इंजेक्शने देणारे पुनर्वसन-वैद्यक कोणाच्या माहितीत असल्यास कृपया खाजगी संदेशातून कळवावे.

आरसेमहाल
तोवर आरसा आणायला काय हरकत आहे?