पत्र्यावर वाळूच्या गोण्या ठेवण्याबद्दल

वादळात छपराचा पत्रा उडू नये म्हणून त्यावर वाळूच्या गोण्या रचायचा सल्ला काही जण देतात, पण हिशेब जुळत नाही. निसर्ग वादळात (३ जून २०२०, रायगड किनारा) वारा ताशी ११०-१२० किमी होता. १२० च्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला ६५-७० किलोच्या घरात जातो. साधा पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम ५ किलो भरतो. चार गोण्यांनी काय होणार?

पत्रा आधी सुटतो तो वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत, कारण वाऱ्याची वर खेचणारी ओढ तिथेच सर्वांत जास्त. मधल्या रांगांत हुक लांब लांब अंतरावर चालतील, या कडांना मात्र एक पन्हळ सोडून एक जे-हुक (पत्रा खालच्या लाकडाला धरून ठेवणारा J आकाराचा हुक) हवाच, डांबरी वॉशरसह. सिमेंटचा पत्रा असेल तर नट हाताला घट्ट लागला की थांबा. जास्त आवळलात तर तिथूनच तडा जातो.

बहुतेकांचं चुकतं ते पत्र्याच्या खाली. हुक शाबूत, पण वासा भिंतीला नुसता टेकवलेला, मग पत्रा वाशासकट जातो. वासा लोखंडी पट्टीने भिंतीतल्या बोल्टला बांधा.

पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडू नका. उघड्या पडवीत वारा खालूनही उचलतो. ती गेलीच तर एकटी जाऊ दे.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे वजनामुळे उडणार नाही. आणि हो, घरावर झुकलेल्या माडाचे नारळ, सुक्या झावळ्या मे महिन्यातच उतरवा. नंतर पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) मिळत नाही.