बाबांच्या पार्किन्सन्सचा अभ्यास चिलटांवर कसा होतो?

मधुरा_सातारा: बाबांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली. काल त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होते, तर म्हणाले, "अगं, पेपरात आलंय, आमच्या आजाराचा अभ्यास चिलटांवर करतात म्हणे. खरंय का?" मला काही सांगता येईना. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात तीच का ही? बाबांच्यात आणि त्यांच्यात सारखं काय असणार?

काचनळी: हो ताई, तीच. ड्रोसोफिला. (आंब्या-पेरूला लागते ती फळमाशी वेगळी.) पीएचडीची सहा वर्षं मी ही चिलटं पाळली. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून त्यांचं खाणं नळ्यांत ओतायचं, हा रोजचा स्वयंपाक.

नळी टेबलावर हलकेच आपटली की सगळी तळाला पडतात आणि निरोगी चिलटं लगेच सरसर वर चढतात. पिंक१ हे जनुक मोडलेली मात्र खालीच राहतात, कुणाचे पंख लोंबलेले, कुणाच्या छातीला खळगा पडलेला. त्यांच्या उडायच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, सुजलेली असतात. ती नळी हातात धरून मी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पिंक१ किंवा पार्किन, यांतल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर माणसाला तरुणपणीच पार्किन्सन्स होऊ शकतो, हे आधीच ठाऊक होतं. पण या दोघांचं आपसात नातं काय? २००६ साली चिलटांनी ते दाखवलं. पिंक१ नसलेल्या चिलटात पार्किन वाढवलं, तर स्नायू सावरले. पार्किन नसताना पिंक१ वाढवून काहीच उपयोग झाला नाही. म्हणजे पिंक१ आधी, पार्किन त्याच्या पुढे. नुसतं रुग्णाचं रक्त तपासून हा क्रम कसा कळणार होता? पुढे माणसाच्या पेशींतही दिसलं: निकामी मायटोकॉन्ड्रियावर पिंक१चं प्रथिन साठतं, पार्किनच्या प्रथिनाला बोलावून घेतं आणि पेशी तो भाग मोडीत काढते.

विनय_डोंबिवली: पण पार्किन्सन्समध्ये मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन चिलटात मुळात नसतंच ना?

काचनळी: नसतं, बरोबर. म्हणून मेल फेनी आणि वेलकम बेंडर या शास्त्रज्ञांनी ते प्रथिन बनवणारं माणसाचं जनुक चिलटात घातलं. त्यांचा निबंध २००० सालचा. त्या चिलटांच्या चेतापेशींत प्रथिनाचे पुंजके साचले आणि वयाबरोबर त्यांचं चढणं इतरांपेक्षा लवकर मंदावलं.

मधुरा_सातारा: बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते विचारतात, मग माझंही जनुक मोडलंय का? त्रास सुरू झाला तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. आणि चिलट जगतं तरी किती?

काचनळी: त्या वयात सुरू होणारा आजार बहुतेकदा एकाच जनुकामुळे नसतो. तरी तपासणी करायची का, ते त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. घरात आणखी कुणाला होता का, तेही सांगा. आणि काकांना सांगा, २५ अंशांवर चिलट दोन-अडीच महिने जगतं. त्याचं म्हातारपण आम्हाला एका पावसाळ्यात पाहता येतं.